सासऱ्यांची टोपी, सासूबाईंचं अस्तर



आजचा विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. आज आम्ही टोपीबद्दल बोलणार आहोत. टोपी ही पुरुषांच्या डोक्यावरची वस्तू, तिच्याशी आपला काय संबंध, असं आधी आम्हालाही वाटत होतं. पण गेल्या दिवाळीच्या साफसफाईत एक गोष्ट घडली आणि अंजनगाव सुर्जीतल्या आमच्या गटाच्या तीन बैठका टोपीवरच झाल्या.

आमच्यातल्या एका ताईंनी घरातली जुनी लोखंडी पेटी उघडली. तळाशी सासऱ्यांची काळी फेल्टची टोपी निघाली. सासरे शाळामास्तर होते. हीच टोपी घालून ते शाळेत जायचे, बाजारात जायचे, लग्नाच्या मांडवात बसायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. टोपीला दोन ठिकाणी कसर लागली होती, कडेला घामाचा पांढरा पट्टा उमटला होता आणि दाबून राहिल्यामुळे ती पोळीसारखी चपटी झाली होती. नेमकी त्याच वेळी दारात भांडेवाली आली. काही गावांत तिला बोहारीण म्हणतात. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. ती म्हणाली, "दोन लुगडी अन् थे टोपी द्या, ही वाटी घ्या." ताईंनी टोपी तिच्या गाठोड्यावर ठेवलीसुद्धा. तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या सासूबाई बोलल्या, "थांब वं माय. आतून तं पाह्य."

ताईंनी टोपी उलटी केली. आत हिरव्या पातळाच्या तुकड्याचं अस्तर होतं, बारीक हातशिलाईनं लावलेलं. सासूबाईंचं ते लग्नातलं पातळ. टोपीचं मूळ अस्तर दोन-तीन वर्षांतच फाटलं. नवी टोपी घ्यायला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या पातळाचा तुकडा कापून आत शिवला आणि मास्तरांनी पुढे आयुष्यभर तीच टोपी वापरली. बाहेरून मास्तरांची टोपी, आतून बाईचं पातळ. ताईंनी वाटी परत केली आणि टोपी घरात राहिली.

मग आम्ही विचारू लागलो. ही फेल्टची टोपी आपल्याकडे आली कुठून? ती बनते कशी? जुनी झाली तर नीट कशी करायची? आणि विकायचीच असेल तर कशी विकायची? जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी फेल्ट म्हणजे काय ते पाहू. आपलं लुगडं उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं. घोंगडंही विणलेलंच. फेल्टमध्ये मात्र धागाच नसतो. लोकरीच्या प्रत्येक केसावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. लोकर गरम पाण्यानं ओली करून दाबली आणि चोळली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि सगळी लोकर मिळून एक घट्ट थर तयार होतो. लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की तो आक्रसून जाड होतो, हे आपण पाहिलं आहे. तेच काम मुद्दाम केलं की फेल्ट. काश्मीरचा नमदा असाच बनतो. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगावच्या भागात मेंढीच्या लोकरीची 'जेन' मिळते, तीही न विणलेली. टोपी करताना फेल्टचा थर वाफेवर मऊ करून लाकडी साच्यावर ओढतात. थंड झाला की तो आकार धरून ठेवतो.

साध्या टोप्या मेंढीच्या लोकरीच्या. साहेबी हॅट मात्र सशाच्या किंवा बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांची असे. बीव्हर हा नदीत राहणारा, दातांनी झाडं पाडून पाण्याला बांध घालणारा प्राणी. युरोपातल्या हॅटच्या हौसेपायी उत्तर अमेरिकेत त्याची इतकी शिकार झाली की अनेक नद्यांवरून तो नाहीसा झाला. हे केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून कारागीर पाऱ्याचं द्रावण वापरत. त्याच्या वाफेनं त्यांचे हात थरथरत, बोलणं अडखळे, डोकं बिघडे. अमेरिकेत १९४१ साली या कामात पारा वापरणं बंद झालं. पाऱ्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दुरुस्तीच्या वेळी ती कामाला येणार आहे.

आता ही वस्तू आपल्या मुलखात कशी आली ते पाहू. जुन्या मराठीत गोऱ्या लोकांना एक शब्द होता, टोपीकर. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या सगळ्यांना मिळून हे एकच नाव. आपले लोक पागोटं, पगडी, मुंडासं बांधणारे. कापडाचा लांब पट्टा, रोज नव्यानं डोक्याभोवती गुंडाळायचा. समोरचा माणूस मात्र तयार आकाराची वस्तू डोक्यावर ठेवतो, म्हणून तो टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सुमारे ३०० वर्षांपूर्वीचं. त्यात या टोपीकरांपासून सावध राहायला सांगितलं आहे. ते वरून व्यापारी दिसतात, पण त्यांना जागा दिली की पाय रोवतात, असा त्याचा आशय.

तो इशारा खरा ठरला आणि त्याचा एक शेवट आपल्याच गावात झाला. १८०३ साली इंग्रजांची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी लढाई झाली. सप्टेंबरात असईला, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर इंग्रज जिंकले. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांचा तह झाला. त्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. आणि ३० डिसेंबर १८०३ ला इथे, सुर्जी अंजनगावला, दौलतराव शिंद्यांचा तह झाला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. गंगा-यमुनेच्या मधला मुलूख, अहमदनगरचा किल्ला, भडोच, असं पुष्कळ काही शिंद्यांनी सोडलं. शहानूर नदीकाठच्या आपल्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते या कागदामुळे. एका बाजूला पगड्या आणि दुसऱ्या बाजूला टोप्या, असा तो दरबार असणार. 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे, असं आपण आजही म्हणतो. आमच्या गटातल्या एकीनं विचारलं, हा शब्द तेव्हापासूनचा तर नसेल? खात्री देता येत नाही, पण विचारावासा वाटतो खरा.

पुढे १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. मग आगगाडी आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बाजारपेठा वाढल्या, कचेऱ्या आल्या, शाळा आल्या. कारकून, मास्तर, वकील असा नवा पगारदार वर्ग तयार झाला. त्याला रोज पागोटं बांधत बसायला वेळ नव्हता. त्याच्या डोक्यावर तयार टोपी आली. परदेशातून येणारी फेल्टची काळी टोपी ही शिकलेल्या, नोकरदार माणसाची खूण झाली. म्हणजे ज्याला आपण 'जुन्या वळणाचा माणूस' म्हणतो, त्याची काळी टोपी त्या काळी नवी फॅशन होती!

मग आली पांढरी टोपी. १९२० च्या सुमारास गांधीजींनी खादीची टोपी घालायला सुरुवात केली. काका कालेलकरांनी त्यामागचा विचार लिहून ठेवला आहे. काळ्या टोपीत मळ लपतो. पांढरी मळली की लगेच दिसते, म्हणून ती धुवावीच लागते. कापडही थोडं लागतं आणि घडी करून खिशात ठेवता येते. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला परदेशी कपड्यांची मोठी होळी झाली, त्यात परदेशी टोप्याही जळाल्या. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हा गांधी टोपी घातली म्हणून लोकांना पकडलं. दीड वीत कापडाची सरकारला एवढी भीती वाटली. त्याच वर्षी आपल्या अकोल्याकडे दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला.

हे ऐकून आमच्या बैठकीत एक आजी पटकन म्हणाल्या, "पांढरी टोपी रोज धुवावी लागते, हे खरं. पण धुवायची कोणं?" सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. सूत कातणारे हात, टोपी शिवणारे हात, सोडा-साबण लावून ती पांढरी ठेवणारे हात पुष्कळदा बाईचेच. फोटोत दिसतं ते टोपीखालचं तोंड.

टोपीचे रंग पुढे वाढत गेले. नागपुरात १९२५ ला स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशात आधी खाकी आणि १९३० पासून काळी टोपी आली. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या सेवकांची भगवी टोपी आली. वारकऱ्यांची पांढरी टोपी आपण दर आषाढीला पाहतो. माणूस कोणाचा, कोणत्या विचाराचा, हे टोपी दुरूनच सांगू लागली.

पण आपल्या तालुक्यात एक माणूस असा जन्मला की त्यानं डोक्यावर या सगळ्यांपेक्षा वेगळीच वस्तू ठेवली. शेंडगावचे डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ चा त्यांचा जन्म, परीट घरातला. लोकांचे कपडे धुण्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. म्हणजे कोणाची पगडी किती मळते हे त्यांना जवळून माहीत! अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि डोक्यावर मातीचं फुटकं गाडगं. ऊन लागलं की ती टोपी, भूक लागली की तेच ताट, तहान लागली की तोच पेला. पगडीनं मान मिळतो असं मानणाऱ्या गावात त्यांनी फुटकं मडकं डोक्यावर ठेवून लोकांना गटारं साफ करायला लावली.

आणि दुसरी टोपी बाबासाहेबांची. काही जातींच्या माणसांनी चांगलं पागोटं बांधलं, नवे कपडे घातले तरी गावाचा राग व्हायचा, असे दिवस आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहेत. त्या समाजातून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोट, टाय आणि हॅट घातली, तो नुसता शौक नव्हता. मीही तुमच्याइतकाच माणूस आहे, हे सांगणारी ती वस्तू होती. गाडग्याचा आणि हॅटचा अर्थ वरून उलटा वाटतो, पण दोन्ही डोकी एकाच अन्यायापुढे ताठ उभी होती. दोघांना एकमेकांबद्दल आदर होता. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला गाडगेबाबा गेले.

बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आज नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आहेत. त्यात कपडे आहेत, हॅट आहे, टाईपरायटर आहे. त्या गोळा केल्या वामनराव गोडबोले यांनी. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात ते पुढे होते. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू त्यांच्याकडे आल्या. आणि शांतिवनाला जमीन दिली ती गोपिकाबाई ठाकरे या बाईंनी. त्या कपड्यांचंही वय झालं, म्हणून शास्त्रीय पद्धतीनं त्यांची जपणूक करावी लागली. यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. वस्तू टिकायला तिघं लागतात: सांभाळून ठेवणारा, ती कोणाची होती हे सांगणारा आणि तिला जागा देणारा. यातलं एक जरी तुटलं तरी ती वस्तू भंगारात जाते.

मोठ्या माणसांच्या वस्तूंना संग्रहालय मिळतं. आपल्या मास्तरांच्या टोपीला आपली पेटी. म्हणून ती कशी जपायची ते आता ऐका.

पहिलं काम म्हणजे टोपी पाण्यात बुडवायची नाही. गरम पाणी आणि साबण लागला की फेल्ट आक्रसतं. मऊ ब्रश घ्या आणि केस ज्या बाजूला झोपलेले आहेत त्याच बाजूला हलक्या हातानं फिरवा. चपटी झालेली टोपी उकळत्या पाण्याच्या वाफेवर थोडा वेळ धरा. ती मऊ झाली की हातानं आकार द्या आणि डोक्याएवढ्या पालथ्या तांब्यावर बसवून सावलीत वाळू द्या. उन्हात वाळवली तर रंग उडतो. आमच्या मास्तरांची टोपी अशीच वर आली.

कसर म्हणजे लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या. अंधारात, घाम आणि तेलकटपणा असेल तिथे त्या वाढतात. म्हणून टोपी ठेवण्याआधी झटका, दोन-तीन महिन्यांनी पेटी उघडून पाहा, स्वच्छ धुतलेल्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कायमची कोंडू नका, आत ओल धरते. डांबराच्या गोळ्या घातल्या तर त्या फेल्टला चिकटू देऊ नका आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नका. भोक पडलं असेल तर आतून त्याच रंगाच्या फेल्टचा तुकडा बारीक टाक्यांनी लावा. मूळ भाग कापू नका.

आता पाऱ्याची गोष्ट आठवा. घरात जुनी साहेबी हॅट असेल, हाताला रेशमासारखी मऊ आणि वजनाला हलकी लागत असेल, तर ती सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांची असू शकते. तिच्यात अजूनही पारा असू शकतो. अशी हॅट वाफेवर धरू नका, घरात झटकू नका. तोंडाला फडकं बांधून हाताळा, नंतर हात साबणानं धुवा आणि लेकरांच्या डोक्यावर गंमत म्हणूनही ठेवू नका. ओळखू येत नसेल तर पारा आहे असंच धरून चाला.

राहिला प्रश्न विकण्याचा. टोपी नीट झाल्याची बातमी फिरली आणि जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ताईंच्या घरी आला. मुंबईच्या चोरबाजारात आणि इतर शहरांत जुन्या टोप्या-हॅटना गिऱ्हाईक असतं, सिनेमा-नाटकवालेही घेतात, असं त्यानं सांगितलं. पैसेही वाटीपेक्षा कितीतरी जास्त देऊ केले. पण म्हणाला, "हे पातळाचं अस्तर फाडून साटीनचं लावतो, म्हणजे टोपी अस्सल दिसेल."

यावर बैठकीत वाद झाला. काही जणी म्हणाल्या, विकावी. घरात पैशाची गरज आहे आणि टोपी काही खायला घालत नाही. त्यांचंही चूक नव्हतं. गरजेपोटी वस्तू विकणं हे पाप नाही, आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाटल्या विकून लेकरांच्या फिया भरल्या आहेत. पण अस्तर फाडून विकणं म्हणजे खोटं विकणं. जाणकार संग्राहक आतला चामडी पट्टा पाहतो, दुकानाचा शिक्का पाहतो, शिवण पाहतो. दुरुस्ती झाली असेल तर तो विचारतो, आणि विकणाऱ्यानं ती सांगायला हवी. लपवलं, तर आपणच गिऱ्हाइकाला टोपी घातली! शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

शेवटी आमच्या गटानं ठरवलं ते असं. ठेवायची की विकायची हे ज्या घरची वस्तू ते घर ठरवेल. पण वस्तू दाराबाहेर जाण्याआधी तिचे बाहेरून आणि आतून फोटो काढायचे. ती कोणाची, कुठून घेतली, कोणी शिवली, कोणी दुरुस्त केली, हे वहीत लिहायचं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारूनच लिहायचं, कारण आतली बाजू तिलाच माहीत असते.

मास्तरांची टोपी विकली नाही. सासूबाईंनीच नाही म्हटलं. वहीच्या पहिल्या पानावर मास्तरांच्या नावाखाली आम्ही त्यांचंही नाव लिहिलं. त्यांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्यं नाव काहून लिहिलं? टोपी तं त्यायची होती." आम्ही म्हटलं, "आजी, अस्तर तुमचं होतं."

मायबहिणींनो, भांडेवाली पुन्हा येईल, तीही आपल्यासारखीच पोटासाठी फिरते. तिला जरूर द्या. पण देण्याआधी टोपी एकदा उलटी करून पाहा.